अंगठ्याशी फुटलेली बांगडी

दगडावर माझं नाव कोरलंत आणि तिचं गाळलंत. विसरलात म्हणू नका. कोणत्या गावात कोणी कसला हार घातला, हे तुम्हाला पंचवीस वर्षांनंतरही सांगता येतं. तुम्ही विसरणाऱ्यातले नाहीत. सगळ्या कॅम्पात ते नाव दोघांनाच माहीत होतं, एक तुम्हाला, एक मला. तुम्ही ते जाणूनबुजून गाळलंत.

परवा तुमचा माणूस दारात आला. सोमवारी लढाईच्या स्मारकाच्या दगडाचं उद्घाटन आहे, शाल-नारळ घ्यायला या म्हणाला. त्याला मी चहा पाजला आणि सांगितलं, साहेबांना सांग, आधी हुरमतबीचं नाव, मग माझी शाल.

"हुरमतबी कोण, मावशी?" त्यानं विचारलं.

कोण ते आता सांगते. निम्मं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं निम्मं तुम्ही कधी विचारलंच नाही.

"हात सैल सोड की गं. बांगडी मोडायची."

"सोडलाय की, बयजाक्का. करंगळीला लागायलंय."

"लोणी लावू का?"

"नको. हळू भर."

मुरंबीच्या जमादाराच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. माझ्या पुढ्यात बांगड्यांची पाटी, माझ्या हातात हुरमतबीचा हात. समोर तिची सासू, जिला सगळी मुरंबी बडीअम्मा म्हणायची, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेली. तिचं लक्ष सुपारीवर असायचं, पण कान आमच्याकडं. तिला ऐकू यायचं ते एवढंच, की सुनेची करंगळी दुखतेय.

मला त्याच्यापुढचं ऐकू यायचं.

आमची देवकरंजी ओढ्याच्या काठावरची. ओढ्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं हिंदुस्थान. देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं, आम्ही मात्र अजून हैदराबादच्या शिक्क्याखाली. पलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचा तुमचा कॅम्प. अलीकडं मुरंबीचा पोलीस नाका, आणि नाक्याच्या जमादाराच्या हाताखाली रझाकारांची टोळी. टोळी रात्री निघायची आणि सकाळी एक गाव जळलेलं असायचं. कोणतं गाव, हे जळाल्यावर कळायचं.

हुरमत आमच्याच गावची. लाडलेसाब पिंजाऱ्याची लेक. देवकरंजीतल्या एकूणएक घरातल्या गाद्यांचा कापूस त्या माणसानं पिंजलेला. आणि गावात कासाराचं घर एकच, आमचं. आमच्याकडं रीत अशी की लेक कुठंही दिली तरी सणाचा चुडा माहेरच्या कासारणीनं भरायचा. हिंदूंच्या लेकींना पंचमीला, लाडलेसाबच्या लेकीला ईदेला. त्या साली ईद आणि पंचमी एकाच आठवड्यात आल्या, माझे पाय तुटायची वेळ आली. नवरा दम्यानं घराला बांधलेला, त्यामुळं पाटी माझ्याच डोक्यावर. हुरमतला जमादाराला दिली ती दुसरेपणावर. लाडलेसाबला नाही म्हणायची सोय नव्हती.

कासारणीला कुणी अडवत नाही, हे तुम्हीच हेरलंत. पण बातमी मी आणायची कुठून? मी भिंतीला कान लावून फिरत नव्हते. बातमी मला हुरमतनं दिली, आपण होऊन. वैशाखात एकदा चुडा भरताना सासू पाणी आणायला आत गेली तेवढ्यात ती पुटपुटली, "अक्का, आपल्या गावची पोरं वाटेवरची गावं बोटांवर कशी मोजतात गं?"

"अंगठा आपलं गाव," मी म्हणाले. "मग घोडकी, मग पानखडा…"

"करंगळी वाघदरा. आता मी जिथं दुखतंय म्हणीन तिथं ते रात्रीचे जाणार. आणि जितक्या बांगड्यांवर हात मागं घेईन, तितकवी रात्र. एक म्हणजे आजचीच."

तेवढ्यात सासू आली. हुरमत म्हणाली, "मधल्या बोटाला लागायलंय." मी तीन बांगड्या भरल्या आणि तिनं हात मागं घेतला. थोडा वेळ चोळला, मग परत पुढं केला आणि मी चुडा पुरा केला.

तिसऱ्या रात्री पानखडा जळाला. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माझा विश्वासच बसला नव्हता.

मग मी ओढा ओलांडून तुमच्याकडं आले. तुम्ही तेव्हा शाळामास्तर होतात, खाकी चड्डीतले, आणि खरं सांगते, तुमच्याकडं बघून धीर यायचा. तुम्ही विचारलंत, "बातमी कुणाची?"

"ते विचारू नका, मास्तर."

"नाव कळल्याशिवाय मी गाव हलवणार नाही. उद्या कुणी खोटी बातमी दिली आणि माणसं ओढ्यात सापडली तर?"

तुमचं बरोबर होतं. मी नाव सांगितलं. मी माझ्या फडक्यातली भाकरी काढून तुमच्यापुढं धरली.

"हिच्यावर हात ठेवा. हे नाव तोंडातून काढणार नाही म्हणा."

तुम्ही हात ठेवलात.

त्यानंतर घोडकी वाचली, वाघदरा वाचला. टोळी गेली तेव्हा गावात माणूस नव्हतं. आणि कॅम्पात पोरं म्हणायला लागली, मास्तरांना म्हणजे वासच येतो. तुम्ही ते ऐकून हसायचात. मला त्याचा राग आला नाही तेव्हा. झाकायला बरंच होतं.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी मुरंबीहून निरोप आला. जमादारणीच्या बांगड्या वाढल्यात, ये म्हणावं. आता बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. आणि हुरमतनं बांगड्या मुद्दाम वाढवल्या असणार, एवढं मला कळत होतं. सणासुदीशिवाय बोलावणं म्हणजे काम घाईचं.

मी पोचले तेव्हा दुपारची जेवणं झाली होती. ओसरीवर बडीअम्मा, तिचा अडकित्ता, हुरमत. आणि आज बाजेवर जमादार स्वतः. तो कधी दिवसा घरी नसायचा. कमरेचा पट्टा काढून गुडघ्यावर घेतलेला, त्याचं पितळ चिंधीनं घासत होता.

"ये, बयजाबाई. पानीबिनी पी."

"नको जी. आताच प्याले विहिरीवर."

"बैस." त्यानं पितळावर तोंडाची वाफ सोडली. "एक बात सांग. मागल्या दोन डाव आम्ही गेलो, गावात कुत्रं बी नव्हतं. चुली गरम. एका घरात तर तव्यावर भाकर होती. मानूस नाही. हे कसं?"

"मला काय कळतंय, जमादारसाब. मी काच विकती."

"काचच म्हणतोय मी. या घरात परकी बाई एकच येते. तू." तो हसला. तो वाईट हसणारा माणूस नव्हता, हे ध्यानात घ्या. हुरमत म्हणायची, बांगड्यांचा आवाज त्याला आवडतो, रात्री मुद्दाम पाणी मागतो. "आज बी भर. मी बघतो. पण एक शर्त. बोलायचं नाही. तू बी नाही, ही बी नाही. हाय नाही, हुय नाही. एक शब्द निघाला, की तू पाटीसकट नाक्यावर."

हुरमतनं पदर सारखा केला आणि हात पुढं केला. दोन्ही मनगटं बोडकी होती. मी तिचा उजवा हात हातात घेतला तेव्हा तो थंड होता.

मी मोरपंखी बांगड्या काढल्या. तिला तोच रंग शोभायचा. अंगठा आत दाबून पाचही बोटांचा द्रोण करायचा आणि काच अलगद पुढं सरकवायची, हे माझं रोजचं काम. तिचा हात मला लहानपणापासून पाठ. डोळे मिटून भरला असता.

बांगडी अंगठ्याच्या सांध्यापाशी आली आणि तिनं अंगठा ताठ केला.

कट्कन आवाज झाला. दोन तुकडे माझ्या मांडीवर पडले.

मी वर बघितलं नाही. भरताना मोडली तर ती कासारणीची, गिऱ्हाइकाची नाही, असा आमचा नेम आहे. मी तुकडे पाटीच्या कडेला ठेवले आणि दुसरी घेतली. अंगठा परत आत दाबला. ती परत सांध्यापाशी आली. तिनं परत ताठ केला. ही मोडली ती काच आत गेली. रक्ताचा थेंब आला, मग धार. हुरमतच्या तोंडातून आवाज आला नाही. ओठ दातांत धरलेला.

अडकित्ता थांबला होता.

ते मला तेव्हा जाणवलं नाही, नंतर आठवलं. बडीअम्मा सुनेच्या अंगठ्याकडं बघत होती. मग सुपारी परत कातरायला लागली.

देवकरंजी. आपलंच गाव.

तिसरी बांगडी सरळ आत गेली. जणू तो हात दुसऱ्याच बाईचा. ती मनगटावर बसली आणि हुरमतनं हात मागं ओढून घेतला, पदरात गुंडाळला, मूठ मांडीखाली दाबली.

एक. म्हणजे आज रात्री.

"का थांबली?" जमादार म्हणाला. "भर की."

मी खुणेनं सांगितलं, रक्त थांबू द्या.

"थांबू दे मग. काही घाई नाही." पट्टा कमरेला लावत तो उठला. "तू आज इथंच राह्य, बयजाबाई. संध्याकाळ झाली की रस्ता बरा नसतो. उद्या सकाळी आरामात जा. हिच्यासोबत जेव."

बोलायची बंदी होती, नाहीतर माझ्या तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे. देवकरंजी तीन कोस. माझा नवरा तिथं, माझी सासू तिथं, लाडलेसाब तिथं. बाजूच्या घरात पाच दिवसांची बाळंतीण. आणि मला इथं आरामात जेवायचं होतं. हुरमतनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात आता काही सांगणं नव्हतं. तिचं जेवढं होतं तेवढं तिनं देऊन टाकलं होतं.

आणि बडीअम्मानं अडकित्ता जमिनीवर आपटला.

"हलकी काच लेके आती क्या गे, रांडे? मेरी सुनेचा हात फाडलास! भरल्या घरात रगत सांडलंस!"

"अम्मा," जमादार म्हणाला.

"तू चूप. ही बाई इथं घडीभर नको. सुहागनीच्या हातात दोन-दोन डाव काच फुटली, तुझ्या जिवाला काय झालं म्हंजे?"

"सकाळी जाईल ना. रात भर राहू दे. मला तिचं काम आहे."

"ती राहिली तर मी पानी पिनार नाही. सांगून ठेवते."

म्हातारी उठली. माझ्या पाटीला तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि सरळ ओसरीवरून खाली फेकली. वर्षाचा माल. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मग माझ्या दंडाला धरून मला पायऱ्यांवरून ढकलली. "निकल! परत या दारात दिसलीस तर तंगडं मोडीन!"

जमादार दारात उभा होता. त्याला हसू येत होतं. आईपुढं मोठा नाकेदारसुद्धा लेकरूच असतो. त्यानं शिपायाला हाक मारली. शिपायानं पाटीतली काच बोटानं इकडंतिकडं केली, माझं गाठोडं सोडून बघितलं. काही नव्हतं. काही असायचं कारणच नव्हतं.

"जा," जमादार म्हणाला. "अम्मानं वाचवलं तुला."

तो थट्टेनं म्हणाला होता.

मुरंबीची वेस ओलांडेपर्यंत मी सावकाश चालले. मग पळाले. वाटेत त्या म्हातारीला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. माझ्या अर्ध्या बांगड्या तिनं मातीत घातल्या होत्या. आणि हुरमतचा एक हात बोडका, एकात एकच बांगडी. सवाशिणीला असं अर्धवट ठेवून कासारीण उठत नाही. घर पेटलं तरी उठत नाही. ते एक मनाला लागून राहिलं होतं. पुढच्या खेपेला आधी तो हात पुरा करीन, असं म्हणत मी पळत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दिवस मावळायच्या आत देवकरंजी ओढ्यापार. बाळंतिणीला लाडलेसाबनं आपल्या पाठीवर घेतलं होतं. टोळी आली, रिकामी घरं पेटवली, आणि परत फिरताना ओढ्याच्या वळणावर तुमच्या माणसांनी तिला गाठलं. दगडावर जी 'देवकरंजीची लढाई' कोरली आहे, ती हीच. 'शत्रूचा डाव आधीच ओळखून', असं तिथं लिहिलंय म्हणतात. कुणी ओळखून, ते लिहिलं नाही.

तीन-चार दिवसांत हिंदुस्थानची फौज आली. रणगाडे सडकेनं गेले, धूळ खाली बसायच्या आत निजामाचं राज्य संपलं. मुरंबीचा जमादार रातोरात हैदराबादकडं पळाला. बायको आणि आई मागं राहिल्या.

आणि मग आपली माणसं निघाली. हे कुणी बोलत नाही, मी बोलते. घोडकीची निघाली, पानखड्याची निघाली, आमच्या देवकरंजीची निघाली. कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे. घरं जळालेली माणसं होती, त्यांचा राग खोटा नव्हता. पण ती ज्या घरांवर चालली होती त्यांतली निम्मी पिंजाऱ्यांची, काच विकणाऱ्या मणेरांची, तांबोळ्यांची होती. आमच्यासारखीच.

मला सकाळी कळलं. मी तुमच्याकडं धावत आले. कॅम्पात झेंड्याची काठी उभी करायचं चाललं होतं. तुम्ही झाडाखाली बसला होतात आणि न्हावी तुमची दाढी करत होता. दुपारी मिरवणूक होती ना. एक गाल साबणानं पांढरा, दुसरा झालेला.

"मास्तर, लोक मुरंबीला चाललेत."

"कळलं मला."

"मग थांबवा ना. जमादाराच्या घराला हात लावू नका म्हणा."

तुम्ही न्हाव्याकडं डोळ्यानं दाखवलंत. "हळू बोल."

"आता कशाला हळू? राज्य गेलं त्यांचं. भाकरीवरची शपथ मी सोडवते, मास्तर. नाव सांगा लोकांना. तुमचं ऐकतील."

"बयजा, लोक पेटलेत. आत्ता आडवा गेलो तर मलाच उलथवतील."

"आडवं जाऊ नका. नुसतं नाव सांगा. ही बाई आपली, एवढंच."

न्हाव्याचा वस्तरा थांबला होता. तुम्ही त्याला, चालू दे, म्हणालात. मग मला हळूच म्हणालात, "आणि काय सांगू? जमादाराच्या बायकोच्या पदराआडून लढलो म्हणून? आजच्या दिवशी? पोरांनी रक्त सांडलंय."

"तिनंबी सांडलंय."

"उद्या सभा आहे. उद्या सगळ्यांसमोर सांगतो. मी शब्द देतो."

वस्तरा तुमच्या गालावरून खाली आला. मी पाटी उचलली आणि निघाले.

पाटी का उचलली? पाटी असली की मला कुणी अडवत नाही, म्हणून. आणि तो हात पुरा करायचा होता, म्हणून. मोरपंखी बांगड्या वर ठेवल्या होत्या.

मुरंबीच्या अलीकडं आमच्याच गावची माणसं परत येताना भेटली. त्यांची तोंडं काजळलेली. त्यातला एक मला भावजय मानायचा. माझ्या पाटीकडं बघून म्हणाला, "वैनी, आता मुरंबीत गिऱ्हाईक राहिलं नाही तुला."

बाकीचे हसले नाहीत. तोही मग हसला नाही.

जमादाराच्या घराचं छप्पर गेलं होतं. ओसरी शाबूत होती, बाजही होती. परसातल्या विहिरीत गल्लीतल्या बायांनी उड्या टाकल्या होत्या. गावच्या कोळ्यांनी दोर सोडून एकेकीला वर काढलं होतं. हुरमतला बाजेवर ठेवली होती. अंगावर कुणीतरी दुलई घातली होती. तिच्या बापानं पिंजलेल्या कापसाची असेल, नसेल.

उजवा हात दुलईच्या बाहेर होता. मनगटात एक मोरपंखी बांगडी. विहिरीत पडतानाही ती टिकली होती.

बडीअम्मा बाजेच्या पायाशी बसली होती. मला बघून तिनं मान वर केली.

"आलीस? आज काच चांगली आणलीस ना गे?"

मी खाली बसले.

"तुला वाटलं, मला कळलं नाही," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज सुपारीसारखा कोरडा होता. "बाईच्या हातानं एक डाव काच फुटते. दोन डाव त्याच जागी नाही फुटत. आणि अंगठा म्हंजे माहेर, ते माझ्या गावीबी तसंच मोजतात. वैशाखापासून मी ऐकत होते. आज मधलं बोट दुखलं, परवा करंगळी दुखली. एवढी काय नाजूक आहे पिंजाऱ्याची पोर?"

"मग तुम्ही जमादाराला सांगितलं नाही?"

"त्या दिवशी तो तुला ठेवून घेत होता. तुला कशी काढायची बाहेर? म्हून पाटी फेकली. तुझं नुकसान झालं. आता माझ्यापाशी भरून द्यायला काही नाही."

"तुमच्या पोटचा होता, बडीअम्मा."

"पोटचाच होता म्हून," ती म्हणाली. "सुनेचं माहेर जाळून घरी आला असता, तर मी त्याला जेवायला कसं वाढलं असतं? अन् हिनं पानी कसं दिलं असतं?"

विहिरीकडून कोळ्यांचा आवाज येत होता, कुणीतरी दोर जरा सैल सोड म्हणत होतं.

"एक विचारू का गे?"

"विचारा."

"तुमच्या मानसांला कुनी सांगितलं नव्हतं का? ही कोन ते?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. तुमच्यासाठी ते मी त्या दिवशी केलं नाही, आजही करणार नाही.

"आमचे मास्तर उद्या सांगणार होते," मी म्हणाले.

म्हातारीनं मान हलवली. जसं बाजारात कुणी भाव सांगावा आणि आपल्याला तो परवडू नये, तशी. मग तिनं सुनेचा दुसरा हात दुलईतून बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला.

"पुरा कर."

"आता? पुरताना काढतील ना बांगड्या."

"काढू देत. जाताना तरी अर्धी नको."

मी पाटी पुढं ओढली. हात पाण्यानं मऊ झाला होता. अंगठा आत दाबायची गरज पडली नाही. एकेक बांगडी आपोआप आत गेली. कुणी लागतंय म्हणालं नाही. एकही मोडली नाही. डावा हात भरला, मग उजवा, त्या एका बांगडीच्या मागं बाकीच्या.

चुडा भरून झाला की बाई कासारणीच्या पायाशी वाकते. मोठ्या घरचीसुद्धा वाकते, हुरमतही वाकायची, देवकरंजीची रीत म्हणून. त्या दिवशी मी वाकले. तिच्या पायांवर डोकं ठेवलं. बडीअम्मानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा आता. तुझी मानसं बघतील."

दुसऱ्या दिवशी सभा झाली. मी मागं उभी होते. तुम्ही तासभर बोललात. जय झाला, नारळ फुटला. मी वाट बघितली. मग वाटलं, परवा सांगतील. मग वाटलं, निवडणूक झाल्यावर सांगतील. बडीअम्मा त्याच हिवाळ्यात गेली. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, मुरंबीत आता ते कुणाला माहीत नाही. ते शोधायला तुमच्याकडं माणसं आहेत. तेही शोधा आणि दगडावर घाला.

तुमचा माणूस चहा पिऊन म्हणाला, "मावशी, दगड तर घडवून झालाय. आता जागा नाही."

माझं नाव पुसा. दोघींपुरती जागा होईल.

सोमवारी मी येणार आहे. शाल घ्यायला नाही. पाटी घेऊन येईन आणि त्या दगडासमोर बसेन, सगळ्या पाव्हण्यांच्या डोळ्यांपुढं. तुम्ही माईकपाशी उभे राहाल तेव्हा मी विचारीन, तेच आज इथं लिहून विचारते. त्या सकाळी तुमचा एक गाल झाला होता, तोंड मोकळं होतं. एक नाव घ्यायचं होतं. तुम्ही म्हणालात, उद्या. मी ते उत्तर एका म्हातारीला दिलं, तिच्या सुनेच्या बाजेपाशी बसून, तुमच्या वतीनं.

तो उद्या कोणता होता, मास्तर? वार सांगा.